दहावी गोळी

सोमवार, २ सप्टेंबर

भोंग्या,

पाळकसाहेब लिहायचं होतं, पण लहानपणी ज्याच्या रडण्याने समोरची इमारत जागी व्हायची त्याला साहेब म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. दोन वर्षांनी लिहिते आहे. फोन करत नाही, कारण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. शिवाय आमच्या दोन खोल्यांत आईला ऐकू जाणार नाही असा कोपरा नाही. हे दुकानाच्या मागच्या बाजूला, चष्म्याच्या काचा घासायच्या यंत्रापाशी बसून लिहिते आहे. मालक जेवायला गेलेत. कागदावर थेंब दिसले तर ते यंत्राच्या पाण्याचे आहेत, उगाच गैरसमज नको.

विषय आईचा आहे. शेवटपर्यंत वाच, मधेच प्रार्थनेला उठू नकोस.

शनिवारी आपल्या जुन्या चर्चच्या मंडळीचे खजिनदार दुकानात आले. चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणाले. मी बघितली, दांडी चांगली घट्ट होती. मग त्यांनी खिशातून एक छोटी बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली. आत पांढऱ्या गोळ्या. म्हणाले, ‘तुमच्या आईच्या दशांशाच्या पाकिटातून निघतात. आधी वाटलं चुकून पडल्या असतील. पण दर महिन्याला निघतात. अर्पणात आलेली वस्तू फेकवत नाही, आणि विचारायलाही कसंतरी वाटतं.’ बिचारे कानापर्यंत लाल झाले होते.

मला हसू आलं. मग गोळीवरचं नाव वाचलं आणि हसू जिथल्या तिथे जिरलं. आकडीच्या गोळ्या आहेत त्या.

तुला माहीत असावं म्हणून सांगते, कारण तू विचारलेलं नाहीस. आईला गेल्या वर्षापासून आकडी येते. उभी असते आणि पडते, हातपाय झटकते, दात आवळते. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी आहे. तरी आकडी येतच राहिली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा औषध वाढवलं, डोक्याचे फोटो काढायला लावले, प्रत्येक वेळी विचारलं, ‘गोळ्या चुकत तर नाहीत ना?’ आणि मी शपथेवर सांगत होते की पट्टी मी आणते आणि पट्टी रिकामी होते. होतच होती रिकामी. दहा गोळ्यांची पट्टी. नऊ आई घ्यायची आणि दहावी देवाला जायची.

घरी जाऊन विचारलं. ती गॅलरीत कपड्यांना चिमटे लावत होती. जराही गडबडली नाही. म्हणाली, ‘मग? माझ्या हातात दुसरं येतं काय? जेवण तुझं, कपडे तुझे, पैसे तू देत नाहीस. माझ्या नावाने येतात त्या ह्या गोळ्याच. त्यातली दहावी माझी नाही.’

पैसे देत नाही हे खरं. दिले तर सगळेच्या सगळे पाकिटात टाकते, म्हणून देत नाही.

मी विचारलं, हे खूळ कुणी घातलं डोक्यात. तिने ओल्या हाताने खिडकीतल्या मोबाइलकडे बोट केलं. तुझ्या भावोजींचा जुना मोबाइल तिला दिलाय, त्यावर तुझ्या व्यासपीठावरच्या रविवारच्या संदेशांची रेकॉर्डिंग ऐकते. एकेक चार-चारदा. मला म्हणूनही दाखवलं, तू जिथे थांबतोस तिथे थांबून. ‘हातात जे येतं, त्यातलं दहावं आपलं नसतं. ते ठेवून घेणं म्हणजे देवाच्या घरात चोरी.’

आता काम सांगते. आईला दोन ओळी लिही. ‘आई, तुझ्यावर दशांशाचं बंधन नाही, सगळ्या गोळ्या घे.’ बस. इथले नवीन पाळक समजावायला येऊन गेले. आईने त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर म्हणाली, मुलगा चांगला आहे, अजून शिकेल. डॉक्टरीणबाईंचं ऐकत नाही, माझं तर नाहीच. ऐकेल तर तुझं. पत्र लगेच टाक.

ताई

गुरुवार, १२ सप्टेंबर

पाळकसाहेब,

बघ, वळली जीभ.

दोन ओळी मागितल्या होत्या, तू चार पानं पाठवलीस. तीही मला. आईला एक अक्षर नाही. शास्त्रातल्या पूर्वजांनी नियमशास्त्राच्या आधीपासून दशांश दिला, संदेष्ट्याने न देणाऱ्यांना चोर म्हटलं, पुदिन्याचा आणि जिऱ्याचा दशांश देणाऱ्यांना प्रभूने ‘तेही सोडू नका’ असं सांगितलं. वाचलं सगळं. मीही त्याच घरात, त्याच टेबलाशी बसून शास्त्र पाठ केलंय, तुझ्या आधी चार वर्षं.

पुदिनावाल्यांना प्रभूने शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. चांगलं झाडलेलं आठवतं, दयेकडे पाठ फिरवली म्हणून. आणि तो दशांश धान्याचा होता, गुराढोरांचा होता. एके ठिकाणी तर असंही सांगितलंय की तो घेऊन जा आणि देवासमोर घरच्यांबरोबर बसून जेवा, विधवेला आणि पोरक्याला बरोबर घ्या. त्या ओळीवर तुझा संदेश मी कधी ऐकला नाही. आणि प्रेषिताने मंडळ्यांना पैशांबद्दल लिहिलं तेव्हा काय लिहिलं? ज्याने त्याने मनात ठरवावं, भाग पडतं म्हणून देऊ नये. दहावा भाग हा शब्दही नाही त्यात. हे तुला माझ्याकडून शिकायचं नाहीये, तुला येतं. म्हणूनच माझा संताप होतो.

देणं वाईट असं मी म्हणत नाही. मी सध्या काहीच देत नाही हेही सांगून टाकते, नाहीतर तूच काढशील. तू इथल्या व्यासपीठावरून आमच्या बाकाकडे बघून ‘आवळलेल्या मुठी’ म्हणालास तेव्हा तुझ्या भावोजींची नोकरी जाऊन तिसरा महिना होता आणि तुला ते माहीत होतं. त्या दिवसापासून देत नाही. ते तत्त्व नाही, राग आहे. पण माझा राग वेगळा आणि आईचं औषध वेगळं.

तू लिहितोस, ‘एका माणसाला सूट दिली की उद्या सगळे मागतील.’ आणि खाली नव्या इमारतीचा स्लॅब या महिन्यात पडतोय, लोकांनी देणगीची वचनपत्रं भरून दिलीत, वगैरे. म्हणजे कुठे अडलंय ते कळलं.

इकडचं ऐक. पट्टी आईच्या हातात द्यायची बंद केली. गोळी काढून हातावर देते. ती मनात मोजते. दहावी गालात धरून ठेवली, नंतर रुमालाच्या घडीत सापडली. मग डॉक्टरीणबाईंनी पातळ औषध दिलं, म्हटलं आता काय करशील. दहावा चमचा मोरीत ओतला. विचारलं तर म्हणाली, पेयार्पण, वेदीवर ओततात तसं. मी हसू की डोकं आपटू? औषध महाग होतं, पुन्हा गोळ्यांवर आलो. आता गोळी दिली की मी म्हणते, तोंड उघड. आणि ती उघडते, जीभ वर करून दाखवते. माझी आई मला तोंड उघडून दाखवते आणि मी वाकून बघते, असं घर झालंय आमचं. तरी एखादी निसटते. मी दिवसभर दुकानात, तुझे भावोजी लोकांना गाडी शिकवायला. तिच्यावर चोवीस तास पहारा कोण देणार?

मंगळवारी गॅसपाशी पडली. पातेल्यातलं पाणी उकळत होतं. तुझे भावोजी घरात होते म्हणून अंगावर गेलं नाही, त्यांचा हात भाजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘एखादी आकडी थांबलीच नाही तर या वयात...’

चार पानांना पुरलेली शाई तुझ्याकडे आहे. आईसाठी दोन ओळींची काढ.

ताई

बुधवार, १८ सप्टेंबर

भोंग्या,

आईला लिहिलेलं पत्र आलं. आधी तुझे आभार मानते, कारण पुढे मानणार नाहीये.

मी वाचून दाखवलं. आईने केस बांधले, डोक्यावर पदर घेतला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि हात जोडून ऐकलं. ‘औषधे ही दशांशातून वगळलेली आहेत.’ तू हे असं लिहिलंस, सरकारी सूचनेसारखं. आईने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, ‘वगळलेली कुठे लिहिलंय?’

मी म्हटलं, अगं तो सांगतोय ना.

‘हे त्याने व्यासपीठावरून सांगितलं का?’

नाही, तुला लिहिलंय, मी म्हटलं.

‘मग हे माझा मुलगा बोलतोय. पाळक नाही बोलत. आई मरेल म्हणून मुलगा खोटं बोलेल. मीही बोलले असते.’ मग पत्राची घडी करून माझ्या हातात दिली. ‘जे चारचौघांत सांगता येत नाही ते माझ्या एकटीपुरतं खरं कसं असेल? मी त्यातली चलाखी करून गोळ्या गिळू आणि बाकीच्या बायका पोटाला चिमटा घेऊन देत राहतील?’

 याचं उत्तर तुला सुचतंय का बघ.

आता दुसरी गोष्ट, ती तुला सांगायलाच हवी. आई नुसता दशांशाचा नियम धरून बसलेली नाही. ती घाबरलेली आहे. तू तो बाबांचा दाखला देतोस ना? ‘आमच्या घरात एका वर्षी दशांश बंद झाला. पाळकाच्या शिक्षणाला होतो, सेमिनरीतून सुट्टीला घरी आलो, कपाटात मंडळीची रिकामी पाकिटं बघितली, महिन्यामागून महिन्याची. आणि त्याच वर्षी घरचा कर्ता पुरुष गेला.’ आणि मग तुझी ती लांबलचक शांतता. गेल्या रविवारीही दिलास. तुला तो दाखला आहे. तिचा तो नवरा होता आणि पाकिटं भरायचं काम तिचं होतं. तू ते वाक्य म्हणतोस तेव्हा तिचे ओठ हलत असतात. काल मी तिला म्हटलं, आई, बंद कर ते. तर म्हणाली, ‘एकदा राखून ठेवलं त्याचं काय झालं ते बघितलंय मी. आता तू आहेस, तुझा नवरा आहे. पुन्हा कुणाचा जीव जायला नको.’

कळलं का? ती स्वतःसाठी गोळी काढून ठेवत नाही, आमच्यासाठी ठेवते.

त्या वर्षी पाकिटं रिकामी का होती, हे तू तिला कधी विचारलंस? मला ठाऊक आहे. पण मी तोंड उघडायचं नाही असं आईने मला बजावलंय, म्हणून नाही उघडत.

तुझ्याकडून एकच हवंय. येत्या रविवारी व्यासपीठावरून सांग. दशांश कुणावर बंधन नाही, न दिल्याने कुणी मरत नाही. तुझ्या आवाजात, सगळ्यांसमोर, रेकॉर्डिंग चालू असताना. स्लॅब एक महिना थांबेल. मंडळीचे वडीलधारे चिडतील, त्यांना तोंड देता येतं. आई वाट बघते आहे, मी तिला सांगून बसले आहे की तो बोलेल.

ताई

सोमवार, २३ सप्टेंबर

इस्पितळाच्या जिन्याशेजारी बाकावर बसून लिहिते आहे. मायना घालायची इच्छा नाही.

काल तू संयमाबद्दल बोललास. चाळीस मिनिटं. आई पहिल्यापासून शेवटपर्यंत खुर्चीत ताठ बसून ऐकत होती, मधे पाणीसुद्धा प्यायली नाही. संपल्यावर मला म्हणाली, ‘बघ. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं त्याने.’ तिच्या आवाजात रागही नव्हता. समाधान होतं, तुझा खरेपणा पटल्याचं.

संध्याकाळी तिला आकडी आली आणि ती थांबेना. एक सरली की दुसरी. मी कुशीवर वळवलं, तोंडाचा फेस पुसला, तुझे भावोजी रुग्णवाहिकेला फोन करून खाली रस्त्यावर जाऊन उभे राहिले. इथे आणल्यावर शिरेतून औषध दिलं तेव्हा कुठे शरीर सैल पडलं. अजून शुद्ध नाही. आत एका वेळी एकालाच सोडतात. नळ्या आहेत, छातीला वायरी आहेत. पायाशी अडकवलेल्या कागदावर तिचं वय लिहिलंय, ते वाचून मला पहिल्यांदा ती म्हातारी वाटली.

तुझ्या बायकोने फोन उचलला. तू बांधकामावर होतास म्हणे.

आता आईला दिलेला शब्द मोडते. ती उठली आणि मला बोलली तर बोलू दे.

त्या वर्षी पाकिटं रिकामी होती कारण तुझी सेमिनरीची फी भरायची होती. कुणी हितचिंतक नव्हता, भोंग्या. दर वर्षी व्यासपीठावरून तू ज्या अज्ञात हितचिंतकाचे आभार मानतोस, डोळ्यांत पाणी आणून, ती आई. बाबांच्या पगारातून दशांशाचे आधी बाजूला काढायचे ही घरची पद्धत, ते काढलेही तिने. पण पाकिटात न घालता तुझ्या कॉलेजच्या ऑफिसात नेऊन भरले आणि तिथल्या कारकुनाला हात जोडून सांगितलं, मुलाला नाव कळू देऊ नका. बाबांना माहीत होतं. बाबा हसले होते, मी तिथेच होते. म्हणाले, देवाचे देवाकडेच चाललेत, रस्ता जरा लांबचा.

मग बाबा गेले. मग तू पाळक झालास आणि पहिल्याच वर्षी तिला समोरच्या बाकावर बसवून सांगितलंस की ते का गेले.

तिने तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला त्याचं ओझं नको व्हायला. आणि तुझ्या त्या दाखल्यावर लोक किती रडतात हे ती मला कौतुकाने सांगते. कौतुकाने. मला त्या वेळी तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटते, आणि तिच्यादेखत ते म्हणताही येत नाही.

ती मेली तर तुझा दाखला पूर्ण होईल का रे? की मी दशांश देत नाही त्याचं फळ म्हणशील?

नर्स बोलावते आहे.

सोमवार, ३० सप्टेंबर

भोंग्या,

आधी महत्त्वाचं. आई शुद्धीवर आहे, वॉर्डात हलवलंय, बोलते, भांडते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला उशी कशी ठेवायची ते शिकवते आहे. उजवा हात थोडा मंद आहे, येईल म्हणतात.

गेल्या पत्राच्या शेवटी विचारलेले ते दोन प्रश्न मी परत घेते. बाकीचं नाही.

तुझ्या मंडळीने कालचं रेकॉर्डिंग टाकलंच नाही. तुझ्या बायकोने स्वतःच्या मोबाइलवर केलं होतं, ते रात्री मला पाठवलं. सोबत एवढंच की मंडळीच्या वडीलधाऱ्यांनी तुला तीन महिने व्यासपीठावर न येण्यास सांगितलंय आणि स्लॅबचं काम थांबलंय. मी आधी एकटी ऐकणार होते. पण आज वॉर्डात गेल्या गेल्या आईने विचारलं, ‘काल बोलला का?’ आणि माझा चेहरा मला कधी लपवता आलाय? मोबाइल तिच्या उशीवर ठेवला.

तुझा आवाज ओळखू येईना. वाचून दाखवत होतास, आणि तेही अडखळत. दशांश कुणावर बंधन नाही. मी धाक घालून घेतलं, ते चुकलं. घरातलं औषध, मुलांचं जेवण आधी, आणि मग ज्याला जे आनंदाने द्यावंसं वाटेल ते. ज्यांनी भीतीने वचनपत्रं भरली त्यांनी ती परत न्यावीत. इथे खुर्च्या सरकल्याचे आवाज येतात, कुणीतरी ‘बस करा’ म्हणतं. आईने भुवया चढवल्या. मग तू फीचं सांगितलंस. तो हितचिंतक कोण ते सांगितलंस. आणि शेवटी म्हणालास, ‘त्या वर्षीच्या मरणाला कुणी जबाबदार असेल तर माझी आई नाही. ते पैसे माझ्यावर गेले. शिक्षा माझी आहे.’ त्याच्यापुढे रेकॉर्डिंग तुटलंय.

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, मी सांगितलं त्याला, बोल काय बोलायचंय ते. तिने मोबाइल माझ्याकडे सरकवला. तेवढ्यात नर्स गोळी घेऊन आली. वॉर्डातसुद्धा तिने मोजणं चालू ठेवलं होतं आणि ही दहावी होती, मला ठाऊक होतं. तिने पाणी मागितलं, गोळी गिळली, आणि मी सांगितलं नव्हतं तरी नर्सला तोंड उघडून दाखवलं.

मग मला विचारलं, ‘तुझे बाबा कशाने गेले गं?’

मी म्हटलं, धुळीने. दगड कापायच्या कारखान्यात इतकी वर्षं नाकाला फडकं बांधून उभे होते, छातीत धूळ साचली होती. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, आपण तिघं समोर होतो.

‘सांगितलं होतं खरं,’ म्हणाली. ‘आणि हा पोरगा अजून शिक्षा-शिक्षा करतोय. हे त्याने कुणाकडून घेतलं? माझ्याकडूनच घेतलं असणार.’ आणि मग एकदम, ‘कागद काढ. त्याला लिही.’

मी लिहू का काही माझ्याकडून, असं विचारलं तर नको म्हणाली. तिने सांगितलं तसं उतरवते आहे.

‘बाळा, तुझे बाबा धुळीने गेले. तुझ्यामुळे नाही आणि माझ्यामुळेही नाही. जन्मभर मी पाकिटात जे टाकलं ते प्रत्येक वेळी घाबरत टाकलं, चुकलं तर काय होईल म्हणून. तुझी फी भरायला गेले त्या दिवशी मात्र मी रस्ताभर गाणं म्हणत गेले होते. आनंदाने दिलेलं माझं तेवढंच आहे. त्याला शिक्षा म्हणू नकोस.’